लॅपटॉप रिपेअर करणाऱ्या सगळ्यांना: पिन लिहून घेण्याआधी एक मिनिट द्या

नमस्कार,

हे पत्र लॅमिंग्टन रोडवरच्या माडीवर चिप लेव्हलचं काम करणाऱ्यांना आहे, पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास बसणाऱ्यांना आहे, स्टेशनबाहेर सहा बाय आठच्या गाळ्यात एकट्याने दुकान चालवणाऱ्यांना आहे आणि एसीत बसून टोकन नंबर पुकारणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनाही आहे. मी डोंबिवलीत राहते, घरूनच जीएसटी आणि इन्कम टॅक्स रिटर्नची कामं करते, आणि माझं सगळं पोट त्या एका लॅपटॉपवर चालतं, त्यामुळे तुमच्याशी माझं भांडण असूच शकत नाही. तुम्ही आहात म्हणून पाच वर्षं जुना लॅपटॉप अजून चालतोय. पण एक गोष्ट आहे जी तुम्हाला सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

काही महिन्यांपूर्वी माझ्या लॅपटॉपचं हिंज (झाकणाची बिजागरी) तुटलं आणि सोबत कीबोर्डच्या तीन-चार की मेल्या. तारीख होती १६, वीस तारखेला सगळ्या क्लायंटचं थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं रिटर्न, भरायचं, त्यामुळे मी धावतपळत एका दुकानात गेले (नाव लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका दुकानाचा नाहीये). काउंटरवरच्या मुलाने जॉबशीट काढली, नाव, मोबाइल नंबर, मॉडेल, चार्जर दिला का, बॅग दिली का, आणि मग मान वर न करताच विचारलं, "पासवर्ड?" मी सांगितला. सहा आकडी पिन. त्याने मास्किंग टेपचा एक तुकडा फाडला, त्यावर जाड काळ्या मार्करने तो पिन लिहिला आणि टेप लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवली. मागच्या रॅकमध्ये असेच आणखी आठ-दहा लॅपटॉप उभे होते, प्रत्येकाच्या पाठीवर टेप, प्रत्येक टेपवर पासवर्ड, आणि मी काउंटरच्या या बाजूने त्यातले निदान चार वाचू शकत होते. एकावर कुणाच्या तरी मुलीचं नाव होतं आणि पुढे तिचं जन्मवर्ष.

मी विचारलं की दादा, कीबोर्ड बदलायला पिन कशाला लागतो. तो म्हणाला, चेक करावं लागतं ना मॅडम. मी गप्प बसले, कारण मला वीस तारीख दिसत होती.

आता तो पिन म्हणजे नेमकं काय असतं हे तुम्हाला माहिती आहे, पण काउंटरच्या या बाजूला उभ्या असलेल्या बहुतेक माणसांना माहिती नसतं, आणि मला खरं बोलायचंय ते यावरच. लोकांना वाटतं विंडोजचा पिन म्हणजे घराच्या फाटकाची कडी, आत कपाटं वेगळी आहेत, त्यांना वेगळी कुलपं आहेत. तसं नाहीये. क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड बघायला गेलं की क्रोम काय विचारतं? तोच विंडोजचा पिन. म्हणजे टेपवरचे ते सहा आकडे टाकले की बँक, इन्कम टॅक्स पोर्टल, मुलाच्या शाळेचं ॲप, सगळ्याचे पासवर्ड एकेक करून डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून वाचता येतात, आणि वाचायचा कंटाळा आला तर एक्सपोर्टचं बटण आहेच, सगळी यादी एका फाइलमध्ये. एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउजरचंही थोड्याफार फरकाने तेच. फायरफॉक्समध्ये तर प्रायमरी पासवर्ड म्हणून जी सोय आहे ती आपण स्वतः चालू केली नसेल तर त्याच्या प्रोफाइलचं फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर नेलं तरी पासवर्ड वाचता येतात.

आणि मी तर स्वतःला शहाणी समजत होते कारण मी दोन वर्षांपूर्वीच क्रोममधून सगळे पासवर्ड बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये (सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारं ॲप) हलवले होते, ते कुलूप उघडणारा मास्टर पासवर्ड चांगला लांबलचक मराठी शब्दांचा, कुठेही लिहिलेला नाही. लॅपटॉप चार दिवसांनी परत आला, हिंज मस्त बसवलेलं, कीबोर्ड नवा, कामात काही म्हणजे काही खोट नव्हती. रात्री मी कुणाचं तरी टूबी (जीएसटीचंच एक स्टेटमेंट) शोधायला डाउनलोड्स फोल्डर उघडलं, तारखेप्रमाणे लावलेलं होतं, खाली खाली गेले आणि तिथे ती फाइल. क्रोम पासवर्ड्स डॉट सीएसव्ही. हलवाहलव करताना क्रोममधून एक्सपोर्ट केलेली, बिटवॉर्डनमध्ये इम्पोर्ट केलेली आणि मग डिलीट करायची राहिलेली. डबल क्लिक केलं तर एक्सेलमध्ये उघडली, पहिल्या रकान्यात साइटचं नाव, मग पत्ता, मग युजरनेम आणि मग पासवर्ड, साधा, वाचता येईल असा, एकशे चाळीस ओळी. त्यात माझ्या पोळीभाजी केंद्रवाल्या काकूंचा जीएसटीचा लॉगिन, हार्डवेअरच्या दुकानवाल्यांचा इन्कम टॅक्सचा, सासऱ्यांच्या पेन्शनच्या बँकेचा.

ती फाइल त्या चार दिवसांत कोणी उघडली का? मला माहिती नाही आणि कधीच कळणार नाही. बहुधा कोणीच उघडली नसेल. पण मी ती रात्र आणि पुढचे दोन दिवस एकेक पासवर्ड बदलण्यात घालवले, क्लायंटना फोन करून सांगावं लागलं की तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल तो मला सांगा, आणि त्यातले दोघं म्हणाले की ताई, ओटीपी कुणाला सांगायचा नाही असं तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. बरोबर होतं त्यांचं. मला प्रत्येकाला खरं कारण सांगावं लागलं. ज्या माणसांनी विश्वासाने आपल्या धंद्याच्या किल्ल्या माझ्याकडे ठेवल्या त्यांना हे सांगताना जे वाटलं ते मला इथे शब्दांत लिहिता येत नाहीये.

तुम्ही म्हणाल, मॅडम, चूक तुमची, फाइल तुम्ही ठेवली. हो, फाइल मीच ठेवली, ते मी मान्यच केलंय. पण मला एवढंच म्हणायचंय की काउंटरवर त्या क्षणी कोणी एकाने "ताई, पासवर्ड मॅनेजरमधून लॉगआउट केलंय ना, डाउनलोड्समध्ये काही नाजूक राहिलं नाही ना, बघून घ्या" असं म्हटलं असतं तर मी तिथेच बाकड्यावर बसून पाच मिनिटांत ते केलं असतं, चालणाऱ्या की आणि माउस वापरून. चार्जर दिला का हे तुम्ही विचारता. बॅग दिली का विचारता. हे कोणी विचारत नाही.

तुम्ही पासवर्ड का मागता हे मला खरंच माहिती आहे. माझ्या आतेभावाचं नाशिकला बरीच वर्षं रिपेअरचं दुकान होतं आणि मी सुट्टीत तिथे बसायचे. गिऱ्हाईक स्क्रीन बदलून नेतं आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतं की आधी वायफाय चालत होतं, तुम्ही बिघडवलं. किंवा कॅमेरा बंद पडला, तुमच्याकडे दिला तेव्हा चालू होता. म्हणून दुकानदार देण्याआधी आत जाऊन आवाज, कॅमेरा, वायफाय, यूएसबी सगळं बघून घेतो, स्वतःच्या बचावासाठी. यात वाईट काही नाही. पण त्यासाठी माझ्या अकाउंटमध्ये शिरायची गरज नाही हेही त्याच आतेभावाने दाखवलं होतं. डेलमध्ये चालू होताना एफ-१२ दाबून, एचपीमध्ये एफ-२ दाबून कंपनीच्याच हार्डवेअर टेस्ट चालतात, विंडोजपर्यंत जावंच लागत नाही. विंडोजऐवजी चालणाऱ्या उबुंटू या फुकट सिस्टिमचा पेनड्राइव्ह लावून "ट्राय" वर सुरू केलं की वायफाय, साउंड, कॅमेरा, कीबोर्डची प्रत्येक की तपासता येते, डिस्कला हातही लागत नाही. आणि शेवटचं चेकिंग लॅपटॉप देताना गिऱ्हाइकाच्या समोर, त्यालाच पिन टाकायला लावून करा ना, तिथल्या तिथे जॉबशीटवर सही घ्या, दुसऱ्या दिवशीचं भांडणच संपलं.

हे फक्त माझ्याच मनातलं आहे असं नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं. त्यांनी आधी दुकानादुकानांत बॅटरी बदलायची चौकशी केली, बॅटरीला पासवर्डचा काय संबंध, तरी जवळजवळ सगळ्यांनी मागितला. मग त्यांनी मुद्दाम तयार केलेले लॅपटॉप १६ ठिकाणी दुरुस्तीला दिले, बिघाड एवढाच की आवाजाचा ड्रायव्हर (आवाज चालवणारं सॉफ्टवेअर) बंद करून ठेवलेला, आणि आत कोण काय उघडतंय याची गुपचूप नोंद होईल अशी सोय. त्यातल्या ६ ठिकाणी माणसांनी खाजगी फाइल्स उघडून बघितल्या, दोन ठिकाणी तर बाहेर कॉपीही करून घेतल्या, आणि काहींनी बघितल्याच्या खुणा पुसल्या. बाईच्या नावाच्या लॅपटॉपमध्ये डोकावणं जास्त होतं. हे तिकडचं आहे, आपल्याकडचं नाही, आणि मी यावरून तुमच्यापैकी कुणावरही बोट दाखवत नाहीये. पण दहातली आठ माणसं प्रामाणिक असली तरी टेपवरचा पिन सगळ्यांना सारखाच दिसतो, त्यात नवीन लागलेला पोऱ्याही आला, शेजारच्या दुकानातून चहा प्यायला आलेलाही आला आणि काउंटरवर उभं असलेलं दुसरं गिऱ्हाईकही आलं. प्रामाणिक माणसावर उद्या आळ येऊ नये म्हणून तरी ती टेप नको.

मोबाइलवाल्यांनी हे कधीच ओळखलंय. सॅमसंगने २०२२ मध्ये मेंटेनन्स मोड आणला, गुगलने २०२३ च्या डिसेंबरमध्ये पिक्सेलसाठी रिपेअर मोड आणला, तो चालू करून फोन दिला की टेक्निशियनला फोन रिकामा दिसतो, सगळं तपासता येतं पण फोटो, मेसेज, पासवर्ड काहीच दिसत नाही. विंडोजच्या लॅपटॉपला अशी तयार सोय नाही. म्हणून ती आपल्यालाच करावी लागेल, अर्धी तुम्ही, अर्धी आम्ही.

आमची अर्धी काय ते मी आता शिकलेय, आणि तुम्ही ते गिऱ्हाइकाला सांगावं अशी माझी विनंती आहे. लॅपटॉप चालू होत असेल तर देण्याआधी पासवर्ड मॅनेजरमधून लॉगआउट करायचं, नुसतं लॉक नाही. लॉक केलं तर सगळ्या पासवर्डची कुलूपबंद तिजोरी लॅपटॉपमध्येच राहते, लॉगआउट केलं तर तिथून निघून जाते. काही जण बिटवॉर्डनला छोटा पिन ठेवतात आणि रीस्टार्ट झाल्यावर मास्टर पासवर्ड मागण्याची खूण काढून टाकतात, मग तिजोरी कितीही भक्कम असली तरी कुलूप चार आकड्यांचंच उरतं, आणि कॉपी करून नेलेल्या तिजोरीवर चार आकडे मशीनने फोडायला वेळ लागत नाही. लास्टपास या दुसऱ्या पासवर्ड मॅनेजरचं २०२२ मध्ये असंच झालं होतं, चोरांनी ग्राहकांच्या तिजोऱ्यांचे बॅकअपच उचलून नेले, ज्यांचा मास्टर पासवर्ड भक्कम होता ते बऱ्यापैकी सुरक्षित आणि ज्यांचा कच्चा ते धोक्यात. कीपास हा पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्यांनी त्यांची केडीबीएक्स फाइल, म्हणजे तिजोरीच, पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपवरून काढून टाकायची आणि किल्लीसारखी वापरलेली की-फाइल असेल तर तीही. वनपासवर्ड वापरणाऱ्यांचं इमर्जन्सी किटचं पीडीएफ, ज्यात त्यांच्या अकाउंटची गुप्त की असते, बऱ्याचदा डाउनलोड्समध्येच पडलेलं असतं, ते आधी उचला. क्रोममध्ये गुगल अकाउंट साइन आउट करून, त्या प्रोफाइलचा डेटा पुसून द्या, सिंक चालू असेल आणि सगळं वर गेलंय हे आधी फोनवर बघून घेतलं असेल तर परत आल्यावर सगळं पुन्हा खाली येतं. व्हॉट्सॲप वेब फोनवरून लिंक्ड डिव्हाइसमध्ये जाऊन काढा. आणि झाकण नुसतं मिटून देऊ नका, पूर्ण बंद करा, स्टार्टमधलं शटडाउन शिफ्ट दाबून केलं की खरोखरचं बंद होतं. कीपासच्या जुन्या व्हर्जनमध्ये २०२३ साली अशी भानगड सापडली होती की हायबरनेट झालेल्या (मेमरीतलं सगळं डिस्कवर ठेवून झोपलेल्या) मशीनच्या फाइलमधून मास्टर पासवर्ड जवळजवळ पूर्ण काढता येत होता, नंतर ती दुरुस्त झाली, पण बंद मशीन देणं कधीही बरं.

आणि लॅपटॉप चालूच होत नसेल तर? बहुतेक लोक तुमच्याकडे येतात तेच डेड मशीन घेऊन, त्यात लॉगआउट कुठून करणार. इथेच माझी तुमच्याकडे सगळ्यात मोठी मागणी आहे. मागचं कव्हर उघडल्यावर एसएसडी, म्हणजे सगळा डेटा असलेली डिस्क, आजकाल बहुतेक ठिकाणी एका स्क्रूवर बसलेली असते, बोटाएवढी पट्टी. ती काढा आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्या. त्याच्यासमोर. अँटिस्टॅटिक पिशवीत घालून. मदरबोर्ड, स्क्रीन, हिंज, पंखा, चार्जिंगचं सॉकेट, यातल्या कशालाही गिऱ्हाइकाची एसएसडी लागत नाही, तुमच्याकडे टेस्टिंगची एक एसएसडी असतेच, ती लावून काम करा. काही मशीनमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, अलीकडच्या मॅकबुकमध्ये तर असतेच, तिथे इलाज नाही हे कळतं. पण बाकीच्या ठिकाणी दोन मिनिटांचं काम आहे. पिन न देता लॅपटॉप दिला म्हणजे सुटलो असंही नाही हो, डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी केलेली, नसेल तर ती दुसऱ्या मशीनला लावली की डाउनलोड्समधली माझी ती सीएसव्ही पिनशिवायच उघडते.

आता याची उलटी बाजूही सांगते, कारण त्यात लोकांचं जास्त नुकसान होतं आणि ते तुमच्या डोळ्यासमोर होतं. आमच्या सोसायटीत एक शाळेतल्या बाई आहेत. त्यांचा मदरबोर्ड बदलला, लॅपटॉप घरी आला, चालू केला तर निळी स्क्रीन आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतेय. आजकाल बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो, आणि बोर्ड बदलला की मशीनला वाटतं कोणीतरी डिस्क पळवून नेली. ही की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, फोनवरून बघता येते, पण बाईंचं अकाउंट लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने घाईत कुठल्याशा नवीन ईमेलवर बनवून दिलेलं, त्याचा पासवर्ड फक्त त्याच लॅपटॉपच्या ब्राउजरमध्ये सेव्ह. किल्ली तिजोरीत आणि तिजोरी कुलूपबंद. शेवटी फॉरमॅट मारावं लागलं, नातवाच्या बारशापासूनचे फोटो गेले. बोर्डला हात लावण्याआधी, बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट करण्याआधी, पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी त्यातलं सिक्युअर बूट हे संरक्षण बंद करण्याआधीसुद्धा, एकदा विचारा की रिकव्हरी की तुमच्याकडे कागदावर आहे का. नसेल तर त्यांच्याच फोनवर तिथेच काढून लिहून घ्यायला लावा, आणि तो कागद त्यांच्याच पर्समध्ये जाऊ दे, तुमच्या जॉबशीटला स्टेपल नको.

कधी कधी विंडोजच्या आत काम करावंच लागतं, ड्रायव्हर असतात, व्हायरस असतो, प्रिंटर असतो, ते मी समजू शकते. मशीन चालू असेल तर गिऱ्हाइकाला "रिपेअर" नावाचं वेगळं लोकल अकाउंट बनवून द्यायला सांगा, साधं, ॲडमिन नसलेलं, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार नसलेलं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, अदर युजर्स, तिथून मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवायचा युजर तयार होतो. त्यातून माझं डाउनलोड्स उघडत नाही आणि माझं क्रोमही दिसत नाही. ॲडमिनचं काम निघालं तर फोन करा, मी येते, समोर बसते, पिन मी टाकते. वेळ जाईल, मान्य आहे. वेळेचे शंभर-दोनशे रुपये जास्त लावा, मी आनंदाने देईन आणि माझ्यासारखे अनेक देतील.

कायद्याची भीती घालायला हे पत्र लिहिलं नाहीये पण माहिती म्हणून सांगते, दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा आयटी ॲक्टच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तुमच्याकडचा पोऱ्या उद्या काही करून बसला तर पोलीस आधी दुकानाच्या मालकाकडे येणार, आणि रॅकमध्ये पासवर्ड लिहिलेल्या दहा टेपा असतील तर मालक काय उत्तर देणार.

सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजर साहेबांना वेगळं सांगायचंय. तुमच्या फॉर्मवर "डेटा गेल्यास कंपनी जबाबदार नाही" हे बारीक अक्षरात असतं, सही घेताना ते दाखवलंही जातं. पण डेटा जाणं वेगळं आणि डेटा कोणीतरी बघणं वेगळं, या दुसऱ्याबद्दल त्या फॉर्मवर मला एक ओळ दिसली नाही. पासवर्डसाठी छापलेला रकाना मात्र होता. तो रकाना काढून टाका आणि त्या जागी तीन चौकोन छापा: पासवर्ड मॅनेजर लॉगआउट केला, रिकव्हरी की घेतली, एसएसडी परत दिली. मराठीत छापा. छोट्या दुकानवाल्यांनी वेगळं काही छापायचीही गरज नाही, मी ए-फोर कागदावर हेच मोठ्या अक्षरात टाइप करून ठेवलंय, डोंबिवलीतल्या ज्या दुकानदारांना हवं त्यांना लॅमिनेट करून आणून देते, काउंटरवर चिकटवा.

माझ्या लॅपटॉपचा टचपॅड गेल्या आठवड्यापासून थोडा वर आलाय, बॅटरी फुगतेय असं वाटतंय, म्हणजे वीस तारीख झाली की मला कुणाकडे तरी यावंच लागणार. या वेळी लॉगआउट करून येईन, सीएसव्ही कधीच उडवलीय, रिकव्हरी की वहीत लिहिलीय. पिन मात्र सांगणार नाही, रागावू नका. एसएसडी तेवढी काढून हातात द्या, पिशवी मी घरून घेऊन येते.

तुमची एक जुनी गिऱ्हाईक,
डोंबिवली